एक वॅट

मावशीने स्वेटरच्या आत हात घातला, पोटाशी धरलेली बॅटरी काढली आणि वायरलेस सेटच्या पाठीला खटकन बसवली. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, आणि ही तर म्हातारी. कितीही चार्ज करा, उपाशीच. अंगाची ऊब देत टेकडी चढलं तर चार वाक्यं पदरात पडायची.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजातून निवृत्त झालेली. सेट नवऱ्याचा, परवाना मात्र तिचा स्वतःचा. नवरा गेल्यावर ती रोज दुपारी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन दरीपलीकडच्या घड्याळजींना हाक मारायची. घड्याळदुरुस्तीवाला माणूस, एकटाच. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ती थापा मारायची, ते ऐकायचे. घरात तिने तोंड उघडलं की सून टीव्हीचा आवाज वाढवायची.

काल घड्याळजी म्हणाले होते, "ताई, परवा लेक न्यायला येतोय. त्याच्या बिल्डिंगीत गच्चीवर अँटेना लावू देत नाहीत."

मावशी काही बोलणार तोच तिची बॅटरी मेली. पाच वॅटवर, म्हणजे सेटच्या पुऱ्या जोरावर बोलायची ना. एक वॅटवर या, बॅटरी पुरेल, असं ते कितीदा सांगून थकले. "मी काय चोर आहे कुजबुजायला?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

आज तिने मुकाट्याने एक वॅट लावला.

"घड्याळजी, ऐकू येतंय का? ओव्हर."

"स्वच्छ. शेजारी बसल्यासारखं."

त्यांचा सेट घरच्या विजेवर चालायचा, त्यामुळे त्यांचा आवाज खणखणीत. मावशी खुशीत आली.

"तर आमच्या ह्यांनी एकदा अँटेना पतंगाला बांधली. वर ढग. वीज उतरली ती थेट बॅटरीत. मग काय, बॅटरी संपेचना. शेवटी शेजारणीला बोलावलं, म्हटलं, बाई, तुझाही भात ह्याच्यावरच शिजव. आणि तिने झाकण उघडलं तर..."

श्वास घ्यायला तिने बोलायचं बटण सोडलं. पलीकडून हसू आलं. मोठं, मनापासूनचं.

मावशीचा अंगठा बटणाशीच थांबला. गंमत तर अजून पुढेच होती. लोकांचे फोन जोडण्यात तिची हयात गेलेली. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस आधीच हसून मोकळा होतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तरी तिने खडा टाकून पाहिला.

"घड्याळजी, तुमच्या हातची घड्याळं महिन्याभरात बंद पडतात म्हणे. ओव्हर."

"वा, झकास. मग पुढे?"

थाप, आणि तीही तिला मारलेली. मावशीला हसू आलं, ते ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिलं.

पाच वॅट लावले तर एक वाक्य नीट पोचलं असतं आणि सेट बंद. एक वॅटवर मात्र ऊन उतरेपर्यंत हे "मग पुढे" ऐकता आलं असतं. ऐकायला बॅटरी फारशी लागत नाही, बोलणंच महाग. तिने वॅटच्या बटणाकडे नेलेलं बोट मागे घेतलं. वाऱ्याकडे पाठ केली, सेट तोंडाशी धरला.

"पुढे काय? उद्यापासून ही टेकडी मी कोणासाठी चढू, तेवढं सांगा. घरी मला कोणी खोटंसुद्धा बोलू देत नाही हो. ओव्हर."

तिने बटण सोडलं. नुसती खरखर.

हसू आलं नाही.

टाकीवरचा कावळा उडून गेला. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मग सेटमधून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"ताई," घड्याळजी अगदी हळू म्हणाले, "बॅटरी आहे ना अजून?"

मावशीने सेटच्या पडद्याकडे पाहिलं. बॅटरीची शेवटची रेघ लुकलुकत होती.

"भरपूर," ती म्हणाली.