खोली बारा फूट

मी एक जुनी पाटी आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही. आता तुम्हीसुद्धा इतके कान देऊन ऐकताय, तर मला वाटतंच की यांचं नक्की काहीतरी काम असणार. पण असू दे. सांगते.

पत्र्याची आहे मी. वर निळा चकचकीत मुलामा आणि त्यावर पांढरी अक्षरं, खोली बारा फूट. बस, आयुष्यभर मी एवढंच बोलले. जमिनीतून गरम पाणी उसळायचं, त्या झऱ्याभोवती भिंती बांधून तलाव केला, तेव्हाची मी. एका गवंड्याने लांबलचक बांबू पाण्यात उभा धरला, ओल्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बरोब्बर बारा." आठवड्याभरात मला चार स्क्रू मारून भिंतीवर बसवलं. उडी मारायच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर.

आणि काय ते दिवस होते. पाण्यावर सकाळी वाफ असायची आणि त्या वाफेतून पोहणाऱ्यांची नुसती डोकी दिसायची. शर्यती व्हायच्या, लांबलांबचे संघ यायचे, आणि मनोऱ्यावर चढणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा. बारा वाचलं की छाती फुगवून वर जायचा. मला केवढा मान वाटायचा.

पण पाणी बेरकी होतं. दुधट, चुना कालवल्यासारखं. हात कोपरापर्यंत बुडवला की दिसेनासा व्हायचा, तळाची तर बातच नको. त्या पाण्यात विरघळलेला दगड असतो म्हणे, तो जिथे तिथे बसतो आणि पांढरा थर होतो. म्हणून वर्षातून एकदा तलाव रिकामा करायचे आणि एक काका छिन्नी घेऊन आत उतरायचे. त्यांना सगळे छिन्नीकाकाच म्हणायचे. आठवडाभर ठकठक, ठकठक. मला त्यांचा भारी संशय. हा माणूस तळाशी काय खणतोय? काहीतरी पुरलेलं शोधतोय, नक्कीच.

ते म्हातारे झाले आणि घरी बसले. पाणी सोडायचं दार थराने घट्ट बसलं, ते कोणाला उघडेना, मग तलाव रिकामा करणंच बंद पडलं. मी म्हटलं, बरं झालं, बला टळली. पुढे मनोऱ्यावरच्या फळ्या कुजल्या आणि मनोऱ्याला कुलूप लागलं. माझ्याकडे कोणी बघेना. माझ्या खालच्या कडेला बोटभर पांढरा थर चढला. मला वाटलं, म्हातारपणी छान किनार लावलीय कोणीतरी.

अशी बावीस वर्षं गेली. मग तलावाला पन्नास वर्षं झाली, आणि मॅनेजरसाहेबांनी समारंभ ठरवला. मनोऱ्याला नव्या फळ्या आल्या. सगळ्यात वरच्या फळीवरून दोन कोलांट्यांची उडी मारायची, असं ठरलं. ती उडी आजवर एकाच बाईने मारली होती, सोळाव्या वर्षी. तीच आता इथे पोहायला शिकवते. सगळे तिला आत्याच म्हणतात, आणि आता ती उडी मारणार होती तिची सख्खी भाची. पोरगी दुसऱ्या गावच्या तलावात उड्या शिकलेली, आणि इथे आली ती समारंभाच्या आदल्या दिवशी.

त्या सकाळी आत्याने कित्येक वर्षांनी मनोऱ्यासमोरच्या पाण्यात बुडी मारली आणि ती वर आली. केस पिळत म्हणाली, "साहेब, इथे तळ गाठायला मला सहा लाथा लागायच्या. आज तीनच लागल्या."

काठावरचा शिट्टीवाला हसला. पोहणाऱ्यांवर नजर ठेवायचं काम त्याचं. "आत्या, पाय लांब झाले असतील तुमचे."

"तुझी जीभ झालीय तेवढे नाही झाले."

"पाटी काय म्हणते?" मॅनेजर म्हणाले. "बारा. मग झालं तर."

माझं नाव निघालं आणि मी आतून ताठ झाले. ही बाई मला खोटं पाडतेय? का बरं? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती उडी चौतीस वर्षं हिच्या एकटीच्या नावावर आहे. भाचीने मारली की हिला कोण विचारतंय? शिट्टीवालाही तेच कुजबुजला आणि ते फिरत फिरत पोरीच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी माझ्यासमोर काठावर बसली होती, पाण्यात पाय सोडून. आत्या मागून आली.

"आत्या, खरं सांग. मी ती उडी मारूच नये असं वाटतं ना तुला?"

"आज मारू नये असं वाटतं."

"सगळे म्हणतात तू जळतेस."

आत्या तिच्याशेजारी उकिडवी बसली. "म्हणू देत. मला तू धडधाकट परत हवीस. तुझ्या बापाला काय तोंड दाखवू मी?" मग वाकून तिने माझ्या किनारीवर नख मारलं. खपली निघाली. "हे बघ. पाणी नुसतं उडतं तिथे एवढा थर. मग जिथे झरा आहे तिथे किती असेल?"

पोरगी उठून निघून गेली. आणि मी? ही आता माझे आकडेही खरवडणार, या भीतीने मी स्क्रू घट्ट धरून बसले.

आत्याने मॅनेजरांचा पिच्छा सोडला नाही. शेवटी ते वैतागले, मोजायच्या फितीला लोखंडी वजन बांधलं आणि अगदी माझ्या नाकासमोर पाण्यात सोडलं.

"पावणेबारा. झालं समाधान?"

"भिंतीशी काय मोजता साहेब. तिकडे मोजा, फळीच्या टोकाखाली. झरा तिथेच आहे."

"तिकडे फीत कशी टाकू, उडत जाऊ? पाहुणे बसलेत आत्या. पुरे आता."

काठावर माणसंच माणसं. सगळे आत्याकडे असे बघत होते की जणू तिने कोणाच्या ताटात माती कालवलीय. मीही तशीच बघत होते, मित्रांनो. खोटं कशाला बोलू. पावणेबारा ऐकून मला उकळ्या फुटत होत्या.

पोरगी मनोऱ्यावर चढली. एकेक पायरी, वर, वर, अगदी वर. फळीच्या टोकाला पायाची बोटं आली. आणि तेवढ्यात आत्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरली.

"अहो, बाहेर काढा तिला," मॅनेजर म्हणाले. शिट्टी वाजली. परत वाजली. आत्या सावकाश पोहत फळीच्या बरोबर खाली गेली, थांबली आणि छातीतला सगळा श्वास सोडून खाली गेली. नुसते बुडबुडे.

मग पाण्यातून एक हात वर आला.

मनगटापर्यंत, पाची बोटं सरळ. पोहणाऱ्याचा हात हलतो, तरंगतो, मी पन्नास वर्षं बघतेय. हा हलतच नव्हता. हा उभ्या माणसाचा हात होता. आत्या पाच फूट दोन इंचांची, आणि बारा फूट पाण्यात ती तळावर उभी होती.

शिट्टीवाल्याच्या तोंडातून शिट्टी पडली. वर फळीवर पोरीने तो हात पाहिला, हळूच खाली बसली आणि पाठमोरी शिडी उतरून आली.

घण घालून ते बसलेलं दार उघडलं, तलाव रिकामा केला, तेव्हा मीही पाहिलं. झऱ्याच्या तोंडाभोवती पांढरा उंचवटा, पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा, पोरीच्या डोक्याहूनही उंच. माझ्या पायाशी मात्र थर जेमतेम. छिन्नीकाकांना घरून बोलावलं. खुर्चीवर बसून ते म्हणाले, "मी वर्षाला दोन-चार टोपल्या काढायचो. तुम्ही बावीस वर्षांच्या सांभाळून ठेवल्यात की."

ज्यांच्यावर मी संशय घेतला, ते दोघंच माझा आकडा खरा ठेवायला धडपडत होते. सगळ्यांवर संशय घेतला मी, फक्त स्वतःवर घेतला नाही.

तो उंचवटा फोडून काढला, तलाव पुन्हा भरला आणि महिनाभराने पोरीने ती उडी मारली. वर आली, डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि पहिलं वाक्य बोलली, "आत्या, तळ लागलाच नाही."

"लागू नये म्हणूनच तर," आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून टॉवेल शोधत बसली. टॉवेल तिच्या खांद्यावरच होता.

आता माझ्याखाली एक छोटा काळा फळा लावलाय. दर वर्षी उडीच्या फळीच्या टोकाखाली खोली मोजली की आत्या त्याच्यावर खडूने तारीख लिहिते. तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला पुसा, माझे स्क्रू आवळा, मला आवडेल. पण उडी मारण्याआधी माझ्याकडे संशयानेच बघा. अक्षरं पांढरीशुभ्र आहेत म्हणून ती खरी आहेत असं समजू नका. आधी खालची तारीख वाचा.

आणि हो, यंदाची तारीख अजून लिहिलेली नाही. मी सारखी तिकडेच बघतेय.