पिवळं दिसलं की पाय वर

मानसिंग सर नव्या पोरांना पहिले पंधरा दिवस गाडीला हातसुद्धा लावू देत नसत. बारामतीच्या एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप होतं. पुढच्या बाजूला दुरुस्तीला आलेले ट्रॅक्टर आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार कार्ट. कार्ट म्हणजे जमिनीला पोट टेकवून पळणारी, ना छप्पर ना दार अशी छोटी रेसगाडी. पोरांचे डोळे तिकडे लागलेले, आणि सर त्यांना बसवणार प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. प्रत्येकाच्या उजव्या पायाखाली, अ‍ॅक्सिलरेटर समजून, एक लाकडी ठोकळा. सर इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे, चहा मागवायचे, आणि मधेच खिशातून पिवळं फडकं काढून हलवायचे. फडकं दिसताक्षणी पाय ठोकळ्यावरून वर आला पाहिजे. ज्याचा उशिरा आला त्याने शेड झाडायची.

शर्यतीत पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका. वळणाआड कुणाची गाडी उलटली असेल, कुणी माणूस रस्त्यात असेल. अशा वेळी वेग कमी करायचा आणि पुढच्याला ओलांडायचं नाही. गोष्ट इतकी सोपी, पण अठरा वर्षांच्या पोराच्या गळी ती उतरवणं म्हणजे मोकाट खोंडाला रांगेत उभं करणं. तीन वर्षांमागे सरावात संदेश नावाच्या एका पोराने झेंडा पाहिला आणि पाय उचललाच नाही. ‘मला वाटलं, तो कुणाला तरी हात करतोय,’ असं तो नंतर म्हणाला. तोवर वळणाआडची उलटलेली गाडी सरळ करणाऱ्या माणसाचा पाय मांडीत मोडला होता. त्या दिवशी सरांनी कानाला खडा लावला आणि नियमाला पुढचं वाक्य जोडलं.

“पिवळं दिसलं की पाय वर. कोण दाखवतंय, कशाला दाखवतंय, ते बघत बसायचं न्हाय. आधी पाय, मग डोकं.”

हे वाक्य जिच्या हाडात भिनलं ती संस्कृती. नरसिंहपूरच्या बाजूच्या एका वाडीतली, बारामतीत डिप्लोमाला असलेली, बोलायला कमी आणि हाताला पक्की. चुलतबहिणीच्या हळदीला नवरी पिवळी साडी नेसून मांडवात आली तेव्हा हिचा उजवा पाय आपोआप वर गेला आणि शेजारणीच्या ताटातला भात सांडला. युवराजने ही गोष्ट शेडमध्ये इतक्या वेळा सांगितली की शेवटी सरांनीच त्याला गप्प केलं. हा युवराज कन्हेरीचा; संस्कृतीच्याच बरोबर शिकायला आलेला, तिच्याइतकाच वेगवान, आणि शेड झाडण्यात मात्र तिच्या कितीतरी पुढे.

त्या वर्षी इंदापूरजवळच्या माळावरच्या ट्रॅकवर निवडीची शर्यत ठरली. दक्षिणेतल्या एका अकादमीत वर्षभर मोठ्या रेसकारचं प्रशिक्षण, राहणं-खाणं, गाडी, सगळं त्यांचं. अशा शर्यती इतर गावांतही होत्या, पण इथून जागा एकच. जो पहिला येईल तो जाणार, दुसऱ्याने कप घेऊन घरी जायचं. आणि अट अशी की वयाची एकोणीस पुरी झालेली नसावीत. युवराजला अजून एक वर्ष हातात होतं. संस्कृतीला दिवाळीत एकोणीस पुरी होणार होती. म्हणजे तिच्यासाठी ही पहिली आणि हीच शेवटची. ही गोष्ट सर आणि ती अशा दोघांनाच माहीत होती. घरी तिने सांगितली नव्हती, कारण घरी सांगितलं तर आबांची झोप उडाली असती.

आबा म्हणजे तिचे वडील, धोंडीबा. माणूस भला आणि उत्साहाने उतू जाणारा. तरुणपणी बैलगाडीच्या शर्यतीत त्यांचं नाव होतं. त्यांच्याकडे रीत अशी की आपली जोडी शेवटच्या टप्प्यात आली की घरच्या माणसाने काठावर उंच उभं राहायचं आणि आपलं कापड फडकवायचं. गाडीवानाला ते दिसलं की अंगात बळ येतं, असा त्यांचा विश्वास. विश्वास कसला, अनुभवच म्हणायचे ते.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीस माणसं घालून आले. सरांनी फाटकावरच त्यांना गाठलं. हलगी खाली ठेवायला लावली. गुलालाची पोती ट्रॅक्टरच्या सीटखाली कोंबली. फटाक्यांची माळ तर स्वतःच्या ताब्यात घेतली.

“आबा, हितं आवाज चालत न्हाय, गुलाल चालत न्हाय. निस्तं बघायचं.”

“बघतो की. पोरगी माझी हाय, तुमच्या म्हणण्याभाईर जाईन व्हय?” आबा म्हणाले.

ते खरंच गेले नाहीत. सर पुढे कितीदा तरी हे आठवून आठवून स्वतःवर चिडले. आबांच्या गळ्यात जेजुरीहून आणलेलं, भंडाऱ्यात माखलेलं उपरणं होतं. हळदीसारखं पिवळंधमक. सरांनी ते पाहिलं होतं. जवळून, हातभर अंतरावरून पाहिलं होतं. सकाळ-संध्याकाळ पोरांना पिवळं ओळखायला शिकवणाऱ्या माणसाला ते ओळखता आलं नाही. देवाचं उपरणं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

शर्यत पंधरा फेऱ्यांची होती. संस्कृतीने दुसऱ्याच फेरीत आघाडी घेतली. तिच्या मागे युवराज, आणि बाकीचे कुठल्या कुठे. तिचं चालवणं पाहत राहावं असं होतं. ना घाई, ना मस्ती; प्रत्येक वळणावर तीच जागा, तीच रेघ. दहाव्या फेरीला युवराजने आतून घुसायला पाहिलं तेव्हा तिने दार लावावं तशी वाट बंद केली, पण त्याच्या चाकाला चाक लागू दिलं नाही. सर ट्रॅककडेच्या भिंतीपाशी उभे होते. मनात कुठेतरी त्यांनी पोरीचं सामानसुद्धा बांधून ठेवलं होतं.

चौदावी फेरी. सरांची नजर गाडीच्या पुढे पुढे धावत होती, आणि ती चौथ्या वळणावर जाऊन थांबली. कुंपणापलीकडे ट्रॉली उभी होती. कधी आणली, कुणी आणली, कोण जाणे. ट्रॉलीच्या फळीवर आबा चढले होते. त्यांच्या हातात उसाचं एक लांब कांडं होतं आणि त्याच्या टोकाला ते उपरणं बांधलेलं.

सर ओरडले. चौदा इंजिनं बोंबलत असताना एका माणसाच्या ओरडण्याला काय किंमत. या लहान गाड्यांत बोलायला यंत्र नसतं. धावत जावं तर मधे अख्खा ट्रॅक. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, नको नको अशी मान हलवली, आणि तिकडून आबांना वाटलं की सर आपल्याला हात करतायत. त्यांनीही हात केला आणि कांडं आणखी उंच धरून जोरजोराने हलवलं.

संस्कृती वळणावर आली. पिवळं दिसलं. पाय वर आला.

पाऊण सेकंद, फार तर एक. पण तिची गाडी मंदावलेली सरांना इतक्या लांबून स्पष्ट दिसली. बाजूने युवराज सुटला तो सुटलाच. तिने पुढचा रस्ता मोकळा पाहिला, पुन्हा पाय दाबला, शेवटच्या फेरीत जिवाच्या आकांताने त्याला गाठत आणलं. गाडीच्या नाकाएवढं अंतर उरलं तेव्हा शर्यत संपली.

सर तसेच पंचांच्या तंबूत गेले. मुख्य पंच पुण्याहून आलेले, पांढऱ्या मिशांचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आमच्या माणसाने चौथ्या वळणावर झेंडा दाखवलेला नाही,” ते म्हणाले. “कुणीतरी बाहेरून कापड हलवलं, हे आम्हीही पाहिलं. तक्रार करायला तुम्हाला अर्धा तास आहे. पण कापड कुणाचं होतं ते त्यात लिहावं लागेल. तुम्हाला माहीत आहे का?”

पंचांनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला.

“कारण खेळाडूबरोबर आलेल्या माणसांची जबाबदारी त्या खेळाडूवरच असते. ते तिचेच कुणी निघाले, तर तिचा दुसरा नंबरही जाईल. निकाल तर बदलणार नाहीच. मला वाईट वाटतं, मानसिंगराव. मुलगी फार शिस्तीची आहे.”

शिस्तीची. सरांना तो शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागला. त्यांनी कागद घेतला नाही.

तंबूबाहेर युवराज उभा होता. हेल्मेट काखेत, तोंड उतरलेलं. जिंकलेल्या पोराचं असं तोंड सरांनी कधी पाहिलं नव्हतं.

“सर, मी आबांना वळखलं,” तो म्हणाला. “पंचाचा झेंडा न्हवता, म्हणून गेलो. चुकलं का माझं?”

“न्हाय. नियमानं बरोबर हाय.”

“मग मी जागा सोडतो. तिला जाऊ द्या.”

“तू सोडलीस तर दुसऱ्या गावच्या शर्यतीतल्या पोराला जाती ती. हिला न्हाय मिळत. इचारून आलोय मी.” विचारून आलो हे खोटं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं. पण नियम त्यांना पाठच होते.

युवराजने काखेतलं हेल्मेट खाली ठेवलं. “तुमी म्हणायचा, कोण दाखवतंय ते बघायचं न्हाय,” तो हळूच म्हणाला. “मी बघितलं, सर.”

ज्याने अर्धाच धडा घेतला तो जिंकला, जिने पुरा घेतला ती हरली, आणि शिकवणारा एकच. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच त्यांना जमलं. पोरगं गुन्हेगार नव्हतं. आबाही नव्हते. राग काढायला समोर कुणी असतं तरी बरं झालं असतं.

संस्कृती गाडीपाशी जमिनीवर बसून हातमोजे काढत होती. सरांना पाहून ती उठली. तिचे डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती.

“सर, चार नंबरला कोण पलटी झालं? कुणाला लागलं न्हाय ना?”

पोरीची जागा गेली होती, वर्ष गेलं होतं, आणि तिने पहिलं विचारलं ते हे.

“न्हाय. कुणाला काय झालं न्हाय.”

“मग पिवळा का व्हता?”

सरांनी उत्तर शोधायचा खूप प्रयत्न केला. खरं सांगावं तर बापलेकीत आयुष्यभराची फट पडेल. खोटं सांगावं तर ती झेंडेवाल्या माणसाकडे विचारायला जाईल. ती तशीच होती.

तेवढ्यात आबा आले. धापा टाकत, घामाने भिजलेले, चेहरा आनंदाने फुललेला. मागे सगळी वाडी. त्यांच्या हातात अजून ते उसाचं कांडं होतं, आणि टोकाला उपरणं लोंबत होतं.

संस्कृतीने ते उपरणं पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. तिला सगळं कळायला तेवढं पुरे झालं.

“दिसलं का गं तुला?” आबा म्हणाले. “ट्रॉलीच्या फळीवर उभा व्हतो, पडता पडता वाचलो. ह्यांना म्हणलं, तिला दिसणार. एवढ्या पळण्यात कुठलं दिसतंय, म्हणत व्हती सगळी.”

हातमोजे तिने उगाच उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

“दिसलं, आबा. लगीच दिसलं.”

“बघा!” आबा मागच्या लोकांकडे वळले. त्यांचा आवाज कापायला लागला. “मी बघितलं की. मला बघून गाडी हळू केली तिनं. एवढी मोठी शर्यत, म्हागं पोरगं लागलेलं, तरी बापाला वळख दिली. माझ्या बैलांनी कधी दिली न्हाय.” लोक हसले. आबांनी उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले, आणि गालाला भंडारा लागला. “येडी कुठली. शर्यतीत बापासाठी थांबायचं असतं व्हय?”

संस्कृतीने पुढे होऊन त्यांच्या गालावरचा भंडारा हाताने पुसला.

सर दोन पावलं मागे सरकले. या घोळक्यात त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“दुसरा नंबर काय कमी न्हाय,” आबा म्हणाले. “पुढच्या साली पयला काढ. मी येतोच. पर आता सांगून ठेवतो, मला बघून थांबायचं न्हाय. कळलं का?”

“व्हय, आबा,” ती म्हणाली. “पुढच्या साली न्हाय थांबत.”