रामरावांच्या शेततळ्यावरची प्रश्नोत्तरी

प्रश्न : माणसाचं तारण, म्हणजे उद्धार, कशानं होतो?

उत्तर : वाटूरजवळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत याची दोन उत्तरं आहेत आणि ती दोन्ही एकाच घरात जेवतात.

प्रश्न : पहिलं कोणाचं?

उत्तर : सालोमीबाईचं. तारण विश्वासानं होतं, फक्त विश्वासानं. माणसाचं काम देवापुढं फाटक्या चिंधीसारखं. हे ती नवऱ्याला भाकरी वाढताना सांगते. तो विचारतो, "मंग ही चिंधी भाजीत बुडवू का दुधात?"

प्रश्न : दुसरं?

उत्तर : तिचा नवरा कडूबा याचं. काम करावं, गप राहावं, वर गेल्यावर बघून घेऊ. प्रार्थनाघराचे पत्रे त्यानं बसवले. मंडळीत कोणी वारलं की कबर तोच खोदतो. फक्त बाप्तिस्मा घेतलेला नाही. आमच्यात तो लहानपणी देत नाहीत. मोठं झाल्यावर सगळ्यांपुढं "माझा विश्वास आहे" म्हणायचं आणि पाण्यात बुडून वर यायचं. कडूबा मोठा झाला, म्हातारा झाला, पाण्यात काही उतरला नाही.

प्रश्न : यात सालोमीबाईचं काय अडतं?

उत्तर : तिला स्वर्गात एकटीनं जायचं नाही. परतूरच्या बाजारालासुद्धा ती कधी एकटी गेलेली नाही.

"तिथं मी बसू कुणापाशी?"

"तुझी माय असंल की."

"तिचं अन् माझं पटतं का?"

"मंग माझं तरी कुठं पटतं तिच्याशी? म्हणून तर येत न्हाई."

तो हसतो. ती हसत नाही. रात्री प्रार्थनेत त्याचं नाव घेताना मात्र आवाज मोठा करते, त्याला ऐकू जावा इतका.

नाताळाच्या आधीच्या रविवारी त्यांची नात तृप्ती बाप्तिस्मा घेणार होती. नदीला पाणी नव्हतं. शेजारच्या शेतातल्या रामरावांनी आपलं शेततळं दिलं. एकच अट घातली, "साबण लावू नका, पाणी ठिबकला जातंय."

शेततळ्याचा उतार प्लास्टिकच्या कागदाचा, वर शेवाळ. कडूबा दोर घेऊन आला.

"पाळकसाहेब, कंबरेला बांधा."

मंडळीचे धर्मगुरू शांतवन पाळक तरुण, पुण्याला शिकून आलेले. ते म्हणाले, "काका, येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालला तेव्हा दोर नव्हता."

"अन् बुडाला का न्हाई मंग?"

"विश्वास कमी पडला तेव्हा बुडाला."

"तेच म्हणून राह्यलो मी. कमी पडला तर दोर असावा."

"तुमच्या दोरावाचून कुणाचं काही अडतंय का," सालोमीबाई मधेच म्हणाली. "साहेबांना उतरू द्या."

साहेब उतरले. कडेच्या पायरीवर कंबरभर पाण्यात उभे राहिले आणि काठावरच्या तृप्तीला समजावू लागले, "घाबरायचं नाही. मी फक्त असं म्हणेन, पित्याच्या आणि पुत्राच्या"

आणि दिसेनासे झाले.

मंडळीला वाटलं, पुण्याकडं आता अशीच पद्धत निघाली असेल. गाणं चालूच राहिलं.

कडूबानं दोराचं एक टोक स्वतःच्या कंबरेला आवळलं, दुसरं मागं भिरकावलं आणि उडी टाकली. मागच्या टोकाला सालोमीबाई होती. तिनं टाचा मातीत रोवल्या. कडूबाचं डोकं पाण्याखाली गेलेलं दिसताच तिनं पाळकाचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." मग ओढायला लागली. पाळकसाहेब कॉलरला धरलेले वर आले.

प्रश्न : कडूबाचा बाप्तिस्मा झाला का?

उत्तर (सालोमीबाई) : झाला. डोकं बराबर बुडालं, मी बघितलं.

उत्तर (कडूबा) : मी पाळकाला काढायला गेल्तो.

उत्तर (पाळक) : खोकला. मग आणखी खोकला. मग, "मावशी, बाप्तिस्म्याला विश्वास लागतो. काकांनी केलं ते काम. फार चांगलं काम. पण काम."

सालोमीबाई बांधावर बसली. हे वाक्य तिचंच होतं, इतकी वर्षं तीच ते सगळ्यांना ऐकवत आली होती. तिनं ओला दोर मांडीवर गुंडाळायला घेतला.

"त्या कामावाचून तुम्ही आत्ता खाली असता, साहेब," ती म्हणाली.

कडूबानं चमकून बायकोकडं पाहिलं.

पाळक डोकं पुसता पुसता थांबले. "काका, दुसरं टोक कशाला बांधलं होतं?"

"बांधायला टाइम कुठं होता."

"पोहता येतं तुम्हाला?"

"बिलकुल न्हाई."

"मग उडी कशी मारली?"

कडूबा सदरा पिळत होता. "मागं ही होती की."

"बघितलं होतं तुम्ही?"

"त्याच्यात काय बघायचं?"

गाणं एव्हाना थांबलं होतं, त्यामुळं हे सगळ्यांना ऐकू गेलं. तृप्ती खुदकन हसली. "आज्जा, विश्वास आहे असं सगळ्यांपुढं म्हणालात तुम्ही."

"मी देवाचं न्हाई म्हणालो. हिचं म्हणालो."

पाळकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "यावर मला पुण्याला विचारावं लागेल," ते म्हणाले.

प्रश्न : मग तृप्तीचं काय?

उत्तर : पाळक पुन्हा उतरले. या वेळी आपण होऊन दोर मागून घेतला. तरी उतार निसरडाच होता म्हणून कडूबा शेजारी उतरला, त्यांना दंडाला धरून. त्याचा वेगळा दोर सालोमीबाईच्या हातात. पाळकांच्या दोराला मात्र तिनं बाभळीभोवती दोन वेढे दिले.

"विश्वास न्हाई का?" कडूबानं खालून विचारलं.

"तुमच्यावर हाय. साहेबांवर अजून बसायचाय."

तृप्ती आत आली. "माझा विश्वास आहे," ती म्हणाली. पाळकांनी हात वर केला. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने," असं सगळं वाक्य, न घसरता, शिकलेल्या माणसाच्या तोंडून. तृप्ती पाण्याखाली गेली. नेमका तेव्हाच कडूबाचा दोर ढिला पडला आणि तोही गेला.

दोघं बरोबरच वर आले.

प्रश्न : दोर सुटला की सोडला?

उत्तर (सालोमीबाई) : हात ओला होता.

उत्तर (कडूबा) : हिला विचारा.

उत्तर (पाळक) : मी डोळे मिटले होते.

उत्तर (तृप्ती) : मला एवढंच माहीत आहे की, दोर ढिला व्हायच्या आधीच आज्जानं नाक धरलं होतं.