भट्टीच्या उबेला ठेवलेलं बियाणं

लांज्याच्या मुलखात थंडी म्हणजे पाहुणी. डिसेंबरात यायची, चार सकाळी शेकोटीशी बसायची आणि उन्हं वर आली की आपली निघायची. त्या वर्षी मात्र बयेने ठाणच मांडलं. खोबरेल दुपारपर्यंत बाटलीत दगड होऊन बसायचं. ज्या माणसांचं बारा महिने पंख्याशिवाय भागत नाही, त्यांच्याकडे स्वेटर कुठून असणार? बायका नवऱ्याचे जुने शर्ट एकावर एक चढवून पाण्याला जायच्या. आणि वाडीतले म्हातारे छातीठोक सांगायचे, असली थंडी आमच्या बापाने बघितली नाय.

राहीला मात्र स्वतःच्या हुडहुडीची फिकीर नव्हती. तिचा जीव माजघरातल्या एका टोपलीत अडकला होता.

टोपलीत भिजवलेलं भात होतं. तांबड्या दाण्याचं, वायंगणाचं, म्हणजे हिवाळ्यात पाटाच्या पाण्यावर करायचं. हे बियाणं आता सगळ्या वाडीत तिच्याच घरात उरलेलं. बाकीच्यांनी केव्हाच दुकानातली नवी वाणं धरली. ज्यांनी मागून बघितलं, त्यांना तिच्या सासऱ्यांनी, भागोजीआबांनी, कधी मूठभरही दिलं नाही. "आमच्या घरचं बी आमच्या घरात," बस्स, विषय संपला. मागच्या साली गवे शेतात उतरले आणि उभ्या पिकाचा चिखल करून गेले. हाती लागलं ते एवढं टोपलीभर.

"आबा, अर्धं सुकं राहू दे. थंडी बघताय ना?" असं राही म्हणालीही होती. आबांनी डोळे वटारले. भिजत घालताना कणगीत बी मागे ठेवायचं नाही, ठेवलं तर लक्ष्मी रुसते, ही त्या घराची रीत. मग काय! कणगी झाडून शेवटचा दाणासुद्धा पाण्यात गेला.

एरवी भिजलेलं भात पेंढ्यात गुंडाळून वर दगड ठेवला की दोन-तीन दिवसांत पांढरे कोंब दिसायचे. यंदा पेंढा उघडावा तर दाणे होते तस्से, गारठलेले. राहीने टोपली चुलीजवळ सरकवली, तर त्या बाजूचे दाणे उकडूनच निघाले. गोधडीत गुंडाळून झालं, कोमट पाण्याने धुऊन झालं. आता तर आंबूस वास सुटू लागला होता. भिजलेलं बी परत सुकवता येत नाही. रुजलं तर रुजलं, नाहीतर कुजलं. आबा टोपलीकडे बघत नव्हते आणि जेवायलाही बसत नव्हते. राहीला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. अशा वेळी बाईमाणूस जे करतं तेच तिने केलं, दिवसभर भांडी आपटली.

नवरा ओमकार मुंबईला. फोनवर म्हणाला, "एवढं काय त्यात? दुकानातून दुसरं बी आण."

"तुमच्या बापाला तुम्हीच सांगा," म्हणून तिने फोन ठेवला.

म्हाताऱ्याने निदान चहात बुडवून काहीतरी खावं म्हणून ती लांज्याला बटर आणायला गेली. एस्टी स्टँडामागे खतिजाभाभी आणि तिच्या नवऱ्याची, करीमची बेकरी. बघते तर पावाच्या फळ्या रिकाम्या, आणि भाभी तणतणतेय.

"पाव नाय गो अजून! पीठ फुगायचं नाव घेत नाय. करीम म्हणतो यीस्ट खराब. डोंबल यीस्ट! थंडी खराब आहे. शेवटी परात नेऊन ठेवली भट्टीमागच्या कट्ट्यावर, तेव्हा कुठे हललं. ये, बघ तरी."

राहीने आत जाऊन कट्ट्यावर हात ठेवला. चटका नाही, गारवा नाही. नुसती ऊब, पोटाशी घेतलेल्या पोराच्या अंगासारखी. तिला तिथेच रडू फुटलं.

"अगो बाय, काय झालं?" भाभी घाबरलीच. राहीने हुंदके देत सगळं सांगितलं.

"मग आण की इकडे! रडतेस काय? माझं पीठ फुगतं तिथे तुझं भात रुजणार नाय होय?"

घरी आबा अडून बसले. "भिजलेलं बी शिवेबाहेर नेत नाहीत."

आणि लग्न होऊन आल्यापासून जी कधी तोंड वर करून बोलली नव्हती, ती राही फाडकन बोलली. "रीत रीत करून कणगी रिकामी केलीत. आता रीत सांभाळत बसा आणि बी घालवा! मी नेणार. अडवायचं तर अडवा."

 आबा उठले, कानाला मफलर गुंडाळला. "एकटी कशी नेशील? गाडीत हिसके बसतील त्याला."

एस्टीत कंडक्टरने नाक मुरडलं. "आजोबा, काय कुजलंय यात?"

"कुजलं नाय अजून," आबा गुरकावले आणि त्यांनी टोपली मांडीवर आणखी जवळ ओढली.

करीमने पराती सरकवून जागा केली. आबा पावाच्या उलट्या क्रेटवर बसले ते बसलेच. टोपलीत हात घालून दाणे खालीवर करायचे, हुंगायचे, परत झाकायचे. रात्री मुक्कामही तिथेच.

"आबा, किती बघाल? नजर लागंल त्याला," भाभी चिडवायची आणि गरम पाव त्यांच्या हातात कोंबायची. त्यांनी तो खाल्ला, मग दुसरा मागितला.

राही रोज सकाळच्या गाडीने यायची. एका सकाळी ती आली तर आबा दारातच उभे. त्यांनी मूठ उघडली. तांबड्या दाण्यांना पांढरे कोंब आले होते! सगळ्यांना नव्हे. पण निम्म्याहून जास्त दाणे जगले होते. राहीला इतका आनंद झाला की तिने पिठाने माखलेल्या भाभीला मिठीच मारली.

आता निघायचं, म्हणून ती टोपली उचलायला वाकली, तर आबांनी हात आडवा केला.

"खतिजा, तुझ्या मागच्या विहिरीचं पाणी जातं कुठे?"

"केळीत. का हो?"

"केळीच्या कडेला ओल आहे. मी बघून आलो." त्यांनी भाभीचीच परात ओढली आणि ओंजळीने कोंब आलेलं भात तिच्यात घातलं. एक ओंजळ, मग आणखी एक. "चल, पेरून देतो. एकाच घरात ठेवून यंदा घालवलंच असतं मी."

भाभी हसायला लागली. "मला पाव भाजता येतात, आबा! भात कसलं येतंय? आणि माझ्या कोंबड्यांनी खाऊन टाकलं तर?"

"तर पुढच्या साली परत माग," आबा म्हणाले. "माझ्याकडे नको, मी काय आज आहे, उद्या नाय. राहीकडे माग. कणगी आता तिची. ती देईल."

 त्या कणगीला आजवर राहीने हातसुद्धा लावलेला आबांना चालत नसे. 

"देईन की," ती म्हणाली. "कुणीही मागू दे, देईन."