वाळूचं नरसाळं

वखारवालीनं ठिबकच्या नळीचं टोक उघडून नळी झटकली, तर पाण्याआधी मूठभर वाळू बांधावर पडली. थोरले दीर तिथंच उभे होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "तुझ्या बोअरला पाणी नाही लागलं, वाळूची खाण लागली."

"पाणीही आहे की, भाऊजी."

"आहे ना. गाळून तांब्याभर निघेल." त्यांनी चपलेनं ती वाळू पसरवली. "शनिवारपर्यंत शेवटच्या ओळीला पाणी पोचलं नाही, तर रान मी कसायला घेतो. तू घरी बस, आराम कर."

"आराम मला मानवत नाही," ती म्हणाली आणि दुसरी नळी उघडायला वाकली.

नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती हे रान एकटी कसत होती. त्याआधी बारा वर्षं लाकडाच्या वखारीत कामाला होती, म्हणून सगळे तिला वखारवाली म्हणत. यंदा तिनं टोमॅटो लावले होते. ठिबकच्या नळीची भोकं मोहरीएवढी. त्यात वाळूचा एक कण अडकला की ते रोप तहानेलं राहतं. बोअरजवळ जाळीची गाळणी होती, पण ती पंधरा मिनिटांत वाळूनं गच्च व्हायची. मोटर बंद करा, गाळणी काढा, दात घासायच्या ब्रशनं घासा, पुन्हा लावा. दिवस त्यातच संपायचा आणि शेवटच्या ओळींची पानं कागदासारखी वळायची.

त्या दुपारी ती वेल्डरच्या दुकानात गेली.

"वखारीच्या छपरावर पत्र्याचं नरसाळं आहे, बघितलंयस ना?" तिनं विचारलं.

"भुशाचं? माझ्या बापानंच जोडलंय ते."

"मग सांग, त्यात होतं काय?"

वेल्डरनं काळा चष्मा कपाळावर सरकवला. "पंखा भुसा ओढतो, नरसाळ्यात फेकतो. भुसा खाली पडतो, हवा वर जाते."

"नुसता फेकत नाही. गरगर फिरवतो. जड ते कडेला घासत घासत खाली उतरतं, हलकं ते मधून वर निघतं. बारा वर्षं त्याच्याखाली पोती भरलीत मी. हवेतून भुसा निघतो, तर पाण्यातून वाळू का नाही निघणार?"

वेल्डरनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "काकू, हे चाललं नाही तर तुमचे भाऊजी तुम्हाला हसतील ते हसतील, मलाही हसतील."

"तुला ते आजही हसतात. तू पत्रा काप."

जाड पाइपाचा हातभर तुकडा, खाली निमुळतं नरसाळं, त्याच्या टोकाला वाळू साठायला बंद डबा आणि डब्याला तोटी. वरच्या झाकणातून आत उतरलेली एक नळी, स्वच्छ पाणी बाहेर काढायला. गुरुवारी ते सगळं बोअरवर बसलं. मोटर सुरू केली. वरच्या नळीतून पाणी आलं, पण वाळूसकट.

वेल्डरचं तोंड उतरलं. वखारवालीनं मात्र पाणी आत शिरतं तो जोड बोटानं चाचपला.

"हा सरळ पोटात का घातलास? मी कडेनं सांगितला होता."

"कडेनं लावला तर तिरका दिसतो, काकू. लोक म्हणतील, याला सरळ जोडताही येत नाही."

"सरळ आलेलं पाणी समोरच्या भिंतीवर आपटतं आणि तिथंच घुसळतं. कडेनं आलं तर भिंत धरून पळेल. पळालं तरच वाळू बाहेर फेकली जाईल. मला तिरकाच पाहिजे."

"माझं नाव जाईल."

"माझं रान जाईल. बोल, कोणाचं जड?"

त्यानं जोड कापला आणि कडेला चिकटवून पुन्हा लावला. दिसायला खरंच वेडावाकडा. शुक्रवारी मोटर सुरू झाली तशी नरसाळ्याला कान लावून ती उभी राहिली. आतून खसखस आवाज येत होता, रेतीवरून कोणी खराटा फिरवावा तसा. अर्ध्या तासानं तिनं खालची तोटी उघडली. डब्यातून ओली वाळू भळभळा बाहेर आली. वरच्या पाण्यात उरला होता फक्त कुजलेल्या मुळ्यांचा हलका कचरा, कारण हलकं ते पाण्याबरोबर वरच जाणार. तो जाळीनं अडवला. जाळी आता दिवसातून एकदा धुतली तरी पुरे. सगळ्या नळ्यांची टोकं उघडून तिनं आतली जुनी वाळू वाहू दिली आणि एकेक भोक टाचणीनं मोकळं केलं.

शनिवारी सकाळी तिनं मोटर सुरू केली तेवढ्यात दीर आले, आणि येताना चार माणसं घेऊन आले. नरसाळ्याकडे बघून म्हणाले, "हे काय, रॉकेट उलटं लावलंय?" माणसं हसली. दीर मधल्या ओळींकडे बघतसुद्धा नव्हते. बांधाच्या कडेनं ते तडक शेवटच्या ओळीपाशी गेले आणि मातीवर वाकले.

"या, या. बघा सगळ्यांनी. एक थेंब नाही. कोरडी ठणठणीत." ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आता काय म्हणणं आहे तुझं?"

वखारवाली चालत आली. तिनं ओळ बघितली, मग दिरांकडे बघितलं.

"भाऊजी, पाय उचला. नळीवर उभे आहात."

ते हलले नाहीत. चौघं त्यांच्या पायांकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा. चपटी झालेली नळी हळूहळू गोल झाली, आणि पहिल्या रोपाच्या बुडाशी थेंब पडला. मग दुसऱ्या. मग ओळीच्या टोकापर्यंत.