होडीवरचा लाल पंजा

पंजा लाल झाला, तसा रेवदंड्याच्या बंदरावर शंभर माणसांनी एकदम श्वास आत ओढला.

"पाहिलात?" अंबाजी भगतानं तांब्या नाचवला. "आता हळदीचा व्हता! गंगा शिंपडली, पाप वर आलं! बोटं मोजा. चार! करंगळी कुणाची न्हाय?"

नीराबाईची. सुरमई कापताना कोयत्यानं गेलेली. नारळी पौर्णिमेला इथल्या बायका होड्यांवर हळदीचे पंजे उठवतात. सदाच्या होडीवर नीराबाईनं उठवला होता, आणि सदा त्याच होडीतून पडून बुडाला.

कट.

गेल्या वर्षी इथेच एका भुताच्या सिनेमाचं शूटिंग झालं. 'सत्य घटनेवर आधारित.' सत्य घटना एवढीच: बारा वर्षांपूर्वी राहीला तिच्या नवऱ्यानं वल्ह्यानं ठेचून खाडीत टाकलं. बाकीचं लोकांनी जोडलं: राहीचं भूत होडीवर लाल पंजा उठवतं, त्या होडीतला माणूस परत येत नाही. सिनेमानं तेच दाखवलं. अंबाजीला त्यात तीन दिवस भगताचं काम मिळालं. चौथ्या दिवसापासून तो खराच भगत झाला. दाढीसुद्धा सिनेमातलीच.

कट. पुन्हा बंदर.

"राही हिच्या अंगात शिरलीय! रक्त सांडल्याबिगर निघायची न्हाय!"

सदाच्या भावानं, रितेशनं, वल्हं उचललं. पहिला फटका नीराबाईच्या खांद्यावर बसला.

"अरे रितेश, तुला मी न्हाऊ घातलाय रं..."

दुसरा तोंडावर. दात वाळूत पडले.

गर्दीत उभ्या किशोरीला सगळं ठाऊक होतं. शूटिंगमध्ये पंजा लाल करायचं पाणी तिनंच कालवलं होतं. पण शंभर माणसं होती, डोळे तांबारलेले. ती दोन पावलं मागं सरकली.

तिसरा फटका. डोळ्याजवळचं हाड मोडल्याचं तिनं ऐकलं.

मग ती धावली. अंबाजीच्या हातातला तांब्या हिसकावला आणि शेजारच्या होडीवरच्या पंजावर अर्धा ओतला.

लाल. पाचही बोटं.

"हा माझा पंजा! मार मला!" पुढची होडी. "हा तुझ्या आयचा, रितेश! जा, तिलाही ठेच!"

वल्हं हवेतच राहिलं.

"बाटवलंस गो!" अंबाजी किंचाळला. "मंत्रातलं पाणी हाय ते!"

किशोरीनं त्याच्याच ताटातलं लिंबू दातानं फोडलं आणि सदाच्या होडीवरच्या पंजावर पिळलं. लाल पंजा पुन्हा पिवळा होत गेला.

"चुन्याची निवळी हाय, मेल्या! हळदीवर पडली की लाल, लिंबू पडलं की पिवळी. मी बादलीत कालवायची, तू चहा पीत बघायचास. आणि नीराबाईच का? राहीचा खुनी तुझा पुतण्या. हिच्या साक्षीनं त्याला जन्मठेप झाली, म्हणून!"

"सदा वादळाचा इशारा असताना गेला," मागून एक म्हातारा पुटपुटला. "आपण सगळ्यांनीच अडवला व्हता."

पोलीस अंबाजीला घेऊन गेले, रितेशलाही. नीराबाई वाचली. जबडा तारेनं बांधलाय. उजवा डोळा गेला.

भूत सिनेमात राहू द्या. घाबरायचं तर तिकीट काढून घाबरा. पण बंदरावर पंजा लाल झाला, तर वल्ह्याआधी लिंबू उचला. चमत्कार दाखवणाऱ्याला पाण्यात काय कालवलंय ते विचारा. आणि उत्तर तुम्हालाच ठाऊक असेल, तर पहिला फटका पडायच्या आत बोला.

किशोरीला ठाऊक होतं. ती तीन फटके उशिरा बोलली.