बाळंतिणीचा रस

परळच्या कोळीवाड्यात गुणवंतीचा शब्द कोणी खोडत नसे. बाळंतिणीला दूध यायचं तर निवट्यांचा रस प्यावा, असं तिचं ठाम म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. चिखलात उड्या मारणाऱ्या या बोटभर मासोळ्यांवरच तिची स्वतःची पोरं पोसली होती. पण सून अंबिका बाळंत झाली, बारसं झालं, तरी दूध पुरेना. नातू रडून रडून काळानिळा व्हायचा आणि गुणवंतीच्या काळजाचं पाणी व्हायचं.

मग तिनं उपाय दुप्पट केला. ओहोटी लागली की लुगडं खोचून स्वतः खाडीत उतरायची, निवट्या धरायची, आलं-मिरी घालून पातळ रस उकळायची आणि भरला वाडगा सुनेपुढे ठेवायची. वाडगा दर वेळी लख्ख रिकामा. नातू मात्र उपाशी, आणि घरातली मांजर डेऱ्यासारखी फुगलेली! कल्ले बघून मासळीचं ताजं-शिळं ओळखणारी ही बाई, पण घरातलं तिला दिसेना. शेवटी एकदा ती दाराआड थांबली, तर अंबिका वाडगा बाजेखाली मांजरापुढे सारत होती.

"मना का नाय सांगलंस गो?"

अंबिका रडायलाच लागली. "वासानंच पोटात ढवळतं. पन तुमी माझ्यासाठी चिखलान उतरता, आई. नको कशी बोलू?"

कोळ्याच्या सुनेला म्हावऱ्याचा वास सोसेना! दुसरी सासू असती तर कोळीवाडा डोक्यावर घेतला असता. पोरगी आपलं मन राखायला उपाशी राहिली, या विचारानं गुणवंतीलाच भरून आलं. तिनं सुनेचे डोळे पुसले. "मंग काय खावंसं वाटतं तुला?"

"मागल्या चाळीतून कुळथाच्या कढणाचा वास येतो, तो बरा वाटतो."

त्या चाळीतली काशीबाई गिरणीकामगाराची बायको, मालवणकडची. 'कुळीथ कसले, ट्राम ओढणाऱ्या घोड्यांचं खाणं खाता' म्हणून गुणवंतीनंच तिला किती वेळा हिणवलं होतं. तरी आता गुणवंती तिच्याच दारात कढण शिकायला गेली. काशीबाईनं काही मनात धरलं नाही.

"कुळीथ मऊ शिजव, वरचा पाणी गाळून घे, लसणीची फोडणी दी," असं सांगून तिनं वर शेरभर कुळीथही पदरात घातले.

अंबिका वाडग्यामागून वाडगा प्यायली. हळूहळू नातू पोटभर पिऊन, ओठांवर दूध तसंच ठेवून झोपू लागला.

नातवानं बाळसं धरल्याचं कळलं, तसं लालबागच्या बाजारात मासळी विकायला बसलेल्या गुणवंतीला कोळणींनी घेरलं. "कंचा म्हावरा दिलास गो बाय?"

गिऱ्हाईकं कान टवकारून उभी होती. गुणवंतीच्या पाटीत निवट्या वळवळत होत्या. नुसतं त्यांचं नाव घेतलं असतं तरी हातोहात खपल्या असत्या.

"कुळीथ," गुणवंती खणखणीत आवाजात म्हणाली. "चाळीतल्या काशीबायनं शिकवलं. आनि पयलं सुनेला विचारा, काय गो खाशील म्हनून."